मनावर घेऊ नका

“बाकी सगळं छान आहे, ताई. ते ‘सादर’ तेवढं काढा,” भोंगा म्हणाली, आणि निवेदिकेला आधी वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. ती एका तळघरात, स्प्रिंग वर आलेल्या सोफ्यावर, एका अंगाला कलून बसली होती. हातात कार्ड होतं. कार्डावर तिच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आता आपल्यासमोर आपली कला सादर करीत आहे तीन तरुण मुलींचा पंक समूह’, आणि पुढे समूहाचं नाव. नाव होतं ‘गप्प बस’. खरं तर तिची सगळी धास्ती त्या नावाची होती. भरलेल्या सभागृहाला आपल्या या कमावलेल्या आवाजात ‘गप्प बस’ कसं म्हणायचं, याचा तिने बसमध्ये येताना बराच विचार केला होता. नावाआधी थोडं थांबायचं, नाव घेतल्यावर हलकं हसायचं, म्हणजे लोकांना कळेल की हे आपल्याला उद्देशून नाही, असं ठरवूनही ठेवलं होतं. आणि आक्षेप निघाला तो कुठे, तर ‘सादर’वर.

“आदरासह ते सादर,” भोंगा म्हणाली. “शाळेत विग्रह करायला लावायचे ना. आम्ही आदरासह काही करत नाही. उगाच लोकांची फसवणूक कशाला?”

भोंगा म्हणजे समूहातली गाणारी. हे नाव तिला शेजाऱ्यांनी रागाने दिलं होतं आणि तिने ते आनंदाने ठेवून घेतलं होतं. दिवसा ती दाताच्या दवाखान्यात टेबलामागे बसायची आणि येईल त्याला “डॉक्टर आत आहेत, पाचच मिनिटं हं” असं मधात घोळवून सांगायची. दिवसभर गोड बोलून घसा धरतो आणि इथे येऊन ओरडलं की मोकळा होतो, असं तिचं म्हणणं होतं. दाताच्या डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं.

“मग कशासह करता?” निवेदिकेने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. “आवाजासह,” ड्रम वाजवणारी शेवटी म्हणाली आणि तिघी खिदळल्या. निवेदिकाही हसली, पण तिचं हसू जरा उशिरा आलं. भाषा शिकवणाऱ्या मास्तरांची ती मुलगी. विग्रह तिने शाळेत जायच्या आधी ऐकलेले होते. आणि वीसेक वर्षं रोज तोंडात असलेल्या शब्दाच्या पोटात आदर बसलेला आहे, हे तिला एका दवाखान्यातल्या मुलीने सांगावं लागलं.

शहरात तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा फारसा कोणाच्या नाही. मोठ्या सभागृहाची ती निवेदिका. पडदा उघडायच्या आधी ‘कृपया आपले मोबाईल बंद ठेवावेत’ असं सांगणारी तीच. भाजीच्या दुकानात पाव किलो काहीतरी मागितलं की दुकानदार वजनाचा काटा सोडून वर बघायचा आणि हा आवाज कुठे बरं ऐकला, या विचारात पडायचा. तिने किती जणांची ओळख करून दिली असेल याला गणतीच नव्हती. गवई, वक्ते, जादूगार, निवृत्त न्यायाधीश, एकदा तर शिट्टी वाजवून पक्ष्यांना बोलावणारा गृहस्थ. ‘सादर करीत आहेत’ म्हणायचं, नाव घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. बाजूला होणं हेच अर्धं काम होतं, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कलाकार आपली माहिती आपणच लिहून पाठवत, तीही तोंड भरून. या वेळी मात्र ‘गप्प बस’ने एकच ओळ पाठवली होती, ‘आम्ही तिघी आहोत, आवाज मोठा आहे.’ त्याच कार्यक्रमात गाणाऱ्या दुसऱ्या समूहाने, म्हणजे ‘उलट टपाली’ नावाने रॅप करणाऱ्या दोघा मावसभावांनी, त्याहून कमी कष्ट घेतले होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘येऊन ऐका.’ इतक्या वर्षांत तिला येऊन ऐका असं कोणी म्हटलंच नव्हतं. म्हणून ती आली होती. उत्सुकता हा त्याला बरा शब्द झाला. खरं तर खाजच.

मग त्यांनी तिला ऐकवलं. तळघराच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या होत्या, काहींवर अजून कोणाच्या तरी झोपेचे डाग होते. भोंगाने गिटार गळ्यात घातली, पाय फाकवून उभी राहिली, आणि पहिला ठोका पडला तो निवेदिकेच्या कानात नव्हे तर बरगड्यांत. कानातल्या कुड्या थरथरायला लागल्या, दात हलल्यासारखे झाले, पापण्या आपोआप मिटल्या. आधी नुसती भीती. मग भीतीच्या मागून, तिच्या जराही ओळखीचं नसलेलं काहीतरी पोटात मोकळं होत गेलं. शब्द कळायला वेळ लागला. गाण्याचं नाव ‘पुढची रांग’.

‘पुढची रांग रिकामी, मागे माणसं उभी,
बसणारा येत नाही, तरी खुर्चीला खोळ हवी.’

एवढ्याच दोन ओळी, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत. निवेदिकेला ती रांग चांगली ठाऊक होती. तिच्याच सभागृहातली होती. सभागृह चालवणाऱ्या मंडळाच्या सन्माननीय सदस्यांसाठी पांढऱ्या खोळी घालून ठेवलेली, आणि मंडळ क्वचितच उगवायचं. स्टेजवरून बोलताना तिच्या नजरेसमोर पहिल्यांदा त्या खोळीच यायच्या. आपण इतकी वर्षं कापडाशी बोलतो आहोत, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. कोणीतरी हे बघितलं, त्यावर शब्द जुळवले आणि ते असे ओरडून सांगितले, याचं तिला इतकं नवल वाटलं की गाणं संपल्यावर ती टाळ्या वाजवायचंच विसरली.

‘उलट टपाली’चे दोघेही त्याच तळघरात आलेले होते. त्यांच्यातला थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याला सगळे बटण म्हणायचे. त्याने गायला सुरुवात करायच्या आधी तिला विचारलं, “ताई, लिफ्ट मध्येच अडकली तर आतली माणसं पहिल्यांदा काय करतात, सांगा बघू.”

“ओरडतात?”

“छे. आरशात बघतात. केस नीट करतात. मग एकमेकांना सॉरी म्हणतात. ओरडायचं सगळ्यांत शेवटी. मी वरून झडपेतून ऐकतो ना सगळं.” आणि मावसभावाने लॅपटॉपवर ठेका धरला तसा तो बोलायला लागला, गाणं नव्हेच ते, तोंडाशी तोंड आणून कोणी जाब विचारावा तसं बोलणं.

‘दार उघडत नाही, तुम्ही केस नीट करता,
श्वास कोंडतो तरी सॉरी सॉरी म्हणता.
बटण दाबा, बटण दाबा, लाल रंगाचं होतं,
ओरडायला लाजलेलं माणूस आतच राहतं.’

“आम्ही गात नाही, बोलतो,” तो नंतर घाम पुसत म्हणाला. “तुम्ही पण बोलताच की. एकच धंदा आपला.” ती पुन्हा हसली, या वेळी वेळेवर. पण परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला ते हसणं टोचायला लागलं. एकच धंदा कसा? तो स्वतःचं बोलत होता. ती कोणाचं बोलत होती? ती आपलेच शब्द एकेक करून कानाशी धरून बघायला लागली. ‘आपल्याला लाभले आहेत.’ लाभले म्हणजे नेमकं काय झालं? ‘दोन शब्द बोलावेत अशी विनंती करते.’ दोन शब्दांत आजवर कोणाचं भागलं होतं? ‘हार्दिक’ म्हणताना हृदयातून काही हललं होतं का कधी? शेजारच्या बाईने “काही म्हणालात?” असं विचारलं तेव्हा तिला कळलं की आपले ओठ हलतायत. “नाही नाही,” ती म्हणाली, आणि लगेच, “सॉरी.” मग मात्र तिला बटणची आठवण होऊन एकटीलाच हसू फुटलं, आणि शेजारची बाई जरा सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या व्यवस्थापकाने तिचं कार्ड वाचलं. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. पित्ताचा त्रास, म्हणून सदा तोंडात पेपरमिंटची गोळी, आणि जगातल्या कुठल्याही भांडणात दोन्ही बाजू बरोबर असाव्यात अशी मनापासूनची इच्छा. ‘सादर’ खोडलेलं त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने पेन काढलं आणि कार्डाच्या तळाशी, तिच्या गोल अक्षराखाली, आपल्या तिरक्या अक्षरात एक ओळ वाढवली.

“एवढं म्हणा फक्त. मंडळाची अटच आहे. हे वाक्य नसेल तर या पोरांचा कार्यक्रमच नको म्हणतात. ते खुर्च्यांचं गाणं त्यांच्या कानावर गेलंय.”

तिने वाचलं. ‘कलाकारांची मते त्यांची स्वतःची आहेत. रसिकांनी कृपया मनावर घेऊ नये.’

“तुम्ही म्हटलंत की लोक ऐकतात हो. तुमच्या आवाजात कसं, कितीही जोरात आदळलं तरी लागत नाही कोणाला,” तो कौतुकाने म्हणाला, आणि तिला तळघरातल्या भिंतींवरच्या गाद्या आठवल्या. “आणि तुमच्या भल्याचं सांगतो, मॅडम. पुढच्या वर्षी निवेदनाला नवा आवाज बघावा अशी कुजबुज आहे मंडळात. तुम्ही कशाला आयतं निमित्त देता? हे वाक्य म्हणायचं राहून गेलं तर मला काही करता यायचं नाही.” त्याने गोळी या गालातून त्या गालात नेली. “तुमच्याशिवाय हे सभागृह मला कल्पनेतसुद्धा नको आहे.” हे तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच तिला त्याच्यावर रागावता येईना.

ती मान हलवून बाहेर आली. अंधाऱ्या, रिकाम्या सभागृहात मधल्याच एका खुर्चीवर टेकली आणि ते वाक्य तिने हळूच म्हणून बघितलं. मनावर घेऊ नये. पुन्हा म्हटलं. मनावर घेऊ नका. तिचं मनावर घेऊ नका. आणि अंगावर काटा आला, कारण हे तिचं वाक्यच नव्हतं, बाबांचं होतं, सुरासकट. ‘मनावर’च्या आधी किंचित थांबायचं, ‘नका’ खाली सोडायचं, आणि मग ओठांच्या एका कोपऱ्यात हसायचं. बाबांचा आवाज असा होता की वर्गातली उनाड पोरं खिडकीबाहेर बघायची थांबत. आणि आई फटकळ. जिभेला हाड नाही असं तिच्याबद्दल सगळ्या नात्यागोत्यात बोललं जायचं. एकदा बाबांच्या शाळेचे चेअरमन घरी आले होते. मुख्याध्यापकाची जागा बाबांना न देता दुसऱ्याला दिल्यानंतरची ती भेट, आणि तासभर ते बाबांच्या उच्चारांची स्तुती करत बसले होते. तिला त्या दुपारचं सगळं आठवत होतं. कपावरची निळी फुलं. चेअरमनच्या बुटाला चिकटलेलं वाळकं पान. पंख्याने फुगणारा पडदा. आई ट्रे घेऊन आली, ट्रे ठेवला, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि काहीतरी बोलली. चेअरमनचा कप ओठांपर्यंत पोचता पोचता थांबला. मग बाबांचा तो मऊ आवाज, “तिचं मनावर घेऊ नका, बोलायची पद्धत आहे तिची.” कप पुन्हा चालू लागला, सगळे सैलावून हसले. पण आई काय बोलली होती? ते वाक्य काही केल्या आठवेना. आधीचं आठवत होतं, नंतरचं आठवत होतं, मधलं तेवढं कात्रीने कापून नेलेलं. तिने दुसरा प्रसंग आठवून बघितला, तिसरा बघितला. घरमालक, डॉक्टर, बाबांचे मित्र. दर वेळी आई तोंड उघडताना दिसे, आणि ऐकू येत बाबा.

आणि मग, न बोलावता, तो आत्याचा दिवस आला. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. बाबा घरी नव्हते. आई आत्याला काहीतरी बोलली, खोलीत ती ओळखीची शांतता पसरली, आणि त्या शांततेत एक जागा रिकामी आहे हे पोरीला कळलं. दारात उभं राहून, बाबांच्या सुरात, किंचित थांबून, ‘नका’ खाली सोडून ती म्हणाली, “तिचं मनावर घेऊ नका.” आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. संध्याकाळी बाबांना साग्रसंगीत सांगितलं गेलं, बाबांनी तिला उचलून घेतलं आणि म्हणाले, “पोरीच्या गळ्यात आवाज आहे.” दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. श्वास कुठून घ्यायचा, ‘श’ कुठे, ‘ष’ कुठे, ओठ किती उघडायचे. म्हणजे तिचं पहिलं निवेदन ते. आजवर ती मुलाखतींत सांगत आली होती की पहिलं निवेदन शाळेच्या स्नेहसंमेलनात केलं. त्या दुपारी आई कुठे होती? खोलीतच असणार, जाणार कुठे? पण आठवणीत आत्या होती, दार होतं, पायाखालची गार फरशी होती, आणि आईच्या जागी कोणीच नव्हतं. रिकाम्या सभागृहात तिने पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली होती. आता आईच्या तोंडाला आवर कोण घालणार, असं तेव्हा सगळे म्हणाले होते, आणि झालं भलतंच. आई मवाळ झाली. शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने चालला तरी ‘असू दे’. दूधवाल्याने नासकं दूध दिलं तरी ‘असू दे’. भाचीचं लग्न ज्याच्याशी ठरलं तो मुलगा कसा वाटला, तर ‘छान आहे’. लोक म्हणायचे, वयाने किती निवळल्या. निवेदिका हो ला हो म्हणायची, पण तिच्या मनात पाल चुकचुकायची, आणि पुढचा विचार न करता ती कामाला लागायची. त्या दिवशी मात्र ती घरी येऊन पर्ससुद्धा न ठेवता जेवणाच्या टेबलाशी बसली. आई मटार सोलत होती. ऐकू कमी यायला लागल्यापासून आईचा आवाज चढला होता, फक्त त्या चढ्या आवाजात ती ‘असू दे’ म्हणायची एवढंच.

“आई, चेअरमन आले होते बघ आपल्याकडे. बाबांची जागा गेली तेव्हा. तू त्यांना काहीतरी म्हणाली होतीस.”

“म्हटलं असेल.”

“पण काय म्हटलंस?”

“मला काय माहीत?” आईने शेंग उकलली. “मला ऐकू कुठे यायचं? माझं वाक्य संपायच्या आत तुझ्या बाबांचं सुरू व्हायचं.”

हे तिने अगदी सरळ सांगितलं. दाणे वाटीत टपटप पडत राहिले.

“राग यायचा तुला?”

“सुरुवातीला यायचा. मग मी छोटं छोटं बोलायला लागले, निदान संपावं म्हणून. तरी गाठायचेच ते.” आई हसली. “चांगला होता गं माणूस. सगळ्यांना जपायचा.”

“आणि तुला?”

“मलाही जपायचा की. लोकांपासून.” आईने एक दाणा तोंडात टाकला. “आता ते नाहीत, तर बोलायला गेलं की मध्येच थांबायला होतं. वाटतं, आता येईल. येत नाही. मग माझंच मी विसरते काय बोलायचं होतं ते.”

 आपल्या आईबद्दल आपल्याला इतकं कमी माहीत आहे, याची लाज वाटण्याआधी निवेदिकेला विलक्षण कुतूहल वाटलं, तळघरात शिरताना वाटलं होतं तसंच. या बाईने चाळीस-पन्नास वर्षं जे बोलून टाकलं ते गेलं कुठे? कोणाला तरी आठवत असेल का? त्या चेअरमनला तरी? तिने पर्समधून कार्ड काढलं आणि, दुसरं काय करावं हे न कळून, सराव करायला घेतला. नावं नीट आली. ‘गप्प बस’सुद्धा आलं. शेवटच्या वाक्याशी मात्र घसा आवळला. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. वीस वर्षांत तिचं एक वाक्य अडलं नव्हतं.

“नाही जमत आहे हे,” ती स्वतःशीच पुटपुटली असावी, पण आईने ओठांवरून ओळखलं.

“मनावर घेतलं नाहीस अजून,” आई पुन्हा शेंगांकडे वळत म्हणाली. “घेतलंस की जमेल.” लहानपणी सतराचा पाढा अडला की ती असंच म्हणायची. मग वाटी बाजूला सारून म्हणाली, “मी येऊ का गं ऐकायला?”

आई सभागृहात कधी आली नव्हती. कोणी बोलावलंच नव्हतं, हे निवेदिकेच्या आत्ता ध्यानात आलं. “फार आवाज असतो त्यांचा, आई. कान फाटतील तुझे.”

“मला कमीच ऐकू येतं. बरं आहे मग,” आई म्हणाली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह असं भरलं होतं की तिने कधी पाहिलं नव्हतं. केस रंगवलेली, कान टोचलेली, दिवसभर कुठे कुठे गोड बोलून आलेली पोरं भिंतींना टेकून, पायऱ्यांवर, दारांत उभी होती. पुढची रांग पांढरीशुभ्र आणि रिकामी. मंडळ अर्थातच आलेलं नव्हतं. आईला तिने मागच्या बाजूच्या एका खुर्चीवर बसवलं होतं. विंगेत भोंगा दोरीवरच्या उड्या मारत होती, बटण डोळे मिटून ओठ हलवत होता, आणि व्यवस्थापक पेपरमिंटवर पेपरमिंट खात होता. “तेवढं वाक्य, मॅडम,” तो म्हणाला. “हो,” ती म्हणाली. हो म्हणायची सवय जिभेलाच होती. बाकी तिचं काहीच ठरलेलं नव्हतं. वाक्य म्हटलं तर भोंगाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होणार. नाही म्हटलं तर हा माईक उद्यापासून दुसऱ्या कोणाचा. आणि या माईकवाचून आपण कोण, हे तिला खरोखर माहीत नव्हतं.

ती प्रकाशात आली आणि सभागृह शांत झालं. त्या शांततेत तिला काठीचा आवाज ऐकू आला. मधल्या उतरत्या वाटेने आई खाली येत होती, उभ्या पोरांमधून, “जरा सरक रे” असं न म्हणताही वाट मिळवत. ती थेट पुढच्या रांगेशी आली. एका खुर्चीची खोळ काढली, तिची नीट घडी घातली, घडी मांडीवर ठेवली आणि बसली. व्यवस्थापक बाजूच्या दाराने जवळजवळ पळतच तिच्यापाशी पोचला. तो वाकून हळू बोलला, पण आईला ऐकू येईना म्हणून त्याला मोठ्याने बोलावं लागलं.

“आजी, ही पाहुण्यांची रांग आहे.”

“असू दे,” आई म्हणाली. तिचा चढा आवाज सगळ्या सभागृहात गेला. “ते आले की उठते मी. तोवर त्यांच्याऐवजी मी उबवते खुर्ची.”

निवेदिकेने ते वाक्य ऐकलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळं. मध्ये कोणी आलं नाही. सभागृहात ती ओळखीची शांतता पसरली, कप ओठांपाशी थांबतो ती, आणि व्यवस्थापकाने मान वर करून स्टेजकडे पाहिलं. हा चेहरा तिला पाठ होता. चेअरमनचा होता, घरमालकाचा होता, आत्याचा होता. आता कोणीतरी ते मऊ वाक्य बोलावं म्हणून वाट बघणारा. आणि वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, सुरासकट, ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्यासकट. या वेळी घसाही अडत नव्हता. ती थांबली. आईचं अजून काही राहिलं असेल तर, म्हणून थांबली.

आईने आधी सवयीने इकडे तिकडे पाहिलं. कोणीच काही बोललं नाही. मग तिने वर मुलीकडे पाहिलं.

“बोल आता,” ती म्हणाली. “माझं झालं.”

निवेदिकेने कार्ड खाली केलं.

“आज इथे दोन समूह बोलणार आहेत,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच जरा वेगळा लागला, कमी गोल. “एकाचं नाव ‘उलट टपाली’. दुसऱ्याचं नाव ‘गप्प बस’.” पोरं हसली, शिट्ट्या आल्या. ती त्या विरेपर्यंत थांबली. “त्यांची मतं त्यांची स्वतःची आहेत.”

खाली व्यवस्थापकाने सुटकेचा श्वास टाकत मान डोलावली. तिने श्वास घेतला, बाबांनी शिकवला होता तसा, पोटातून.

“मनावर घ्या,” ती म्हणाली, आणि बाजूला झाली.